मुद्दलाला हात

माणसाला एखादा छंद असावा असं सगळेच सांगतात, पण तो कोणता असावा हे मात्र ज्याचं त्याला ठरवू देत नाहीत. मी जुनी नाणी जमवली असती तर आमच्या घरात मला मान मिळाला असता. गच्चीवर कुंड्या ठेवल्या असत्या तर निदान कोथिंबीर मिळाली असती. पण मला नाद लागला तो गळ टाकून मासे धरण्याचा, आणि तोही बुलढाणा जिल्ह्यात! जिथल्या माणसाला समुद्र बघायचा तर मलकापूरला जाऊन गाडीत बसावं लागतं आणि आठ-नऊ तास बसूनच राहावं लागतं, अशा जिल्ह्यात. आमच्या शाखेतले लोक या नादाला 'साहेबांचं कोकण' म्हणतात. (मी साहेब नाही, क्लार्क आहे, पण विनोदात बढती लवकर मिळते.)

एक खरं की हा छंद बँकवाल्याला शोभतो. वीस-बावीस वर्षं काउंटरमागे काढलेल्या माणसाला दोन गोष्टी चांगल्या येतात. एक म्हणजे दुसऱ्याला वाट बघायला लावणं, आणि दुसरी म्हणजे स्वतः वाट बघणं. पहिली तो गिऱ्हाइकांवर शिकतो, दुसरी बढतीच्या यादीवर. धरणाच्या काठी दोन्ही उपयोगी पडतात. त्यात सरकारने दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुटी दिल्यापासून, म्हणजे २०१५ पासून, माझ्या महिन्याचे दोन दिवस पाण्याच्या नावावर जमा झालेले आहेत. खतावणीत हे खातं कुठेच दिसत नाही, पण माझं सगळ्यात जुनं चालू खातं तेच.

समुद्र नसला तरी पाण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा अगदीच कोरडा नाही. दोन दिशांना तोंड करून बसलेला आहे, एवढंच. आमच्याकडे घाटावरचे आणि घाटाखालचे असे लोकांचे दोन प्रकार आहेत, तसेच पाण्याचेही आहेत. घाटाखालची नळगंगा पूर्णेला भेटून तापीमार्गे अरबी समुद्राला जाते. घाटावरची पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघतात. एकाच ढगातले दोन थेंब राजूर घाटाच्या अलीकडे-पलीकडे पडले, तर त्यांची पुन्हा जन्मात गाठ नाही. आमच्या दोन चुलत्यांचंही वाटणीनंतर असंच झालं, पण तो विषय वेगळा.

माझं पाणी खडकपूर्णेचं. देऊळगाव मही जवळ जे धरण आहे त्याच्या जलाशयाला 'संत चोखासागर' नाव दिलंय. चोखोबांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यात. ज्याला उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही त्याच्या नावाचं एवढं उघडं पाणी, चारी बाजूंनी कुठूनही या, हे मला फार बरं वाटतं. अर्थात मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीचा. आम्ही हौशी गळवाले म्हणजे तिथले पाहुणे. विचारून यायचं, दिलं तेवढं घ्यायचं आणि ताटाला नावं ठेवायची नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. तो दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा माझ्यासाठी प्लास्टिकची एक चपटी डबी घेऊन आला. कप्पे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात रंगीत, चमकणारं, झुबकेदार काहीतरी. सौ.ने झाकण उघडलं आणि म्हणाली, ''अगं बाई, कानातली!'' आणि एक उचलून कानाजवळ नेलंसुद्धा. वेळेवर ओरडलो म्हणून बरं, नाहीतर संसारात तीच एकदा गळाला लागली असती. (दुसऱ्यांदा, असं ती म्हणते.)

तर त्या वस्तूला 'जिग' म्हणतात. गळाच्या मानेवर शिशाची गोळी ओतलेली असते, आणि तिच्यामागे पिसांचा किंवा रबरी तंगड्यांचा झुबका. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. फेकायची, तळाला जाऊ द्यायची, काठीच्या टोकाला हलका झटका द्यायचा. ती टुणकन उडी मारते आणि पुन्हा खाली येते. मासा बहुतेक ती खाली येत असताना धरतो. तिकडे मोठमोठ्या जलाशयांवर 'बास' नावाच्या माशासाठी लोक आयुष्य या टुणटुणीवर काढतात, असं भाऊ म्हणाला. आमच्याकडे बास नाही. पण त्याचा स्वभाव ज्याच्याशी जुळेल असा एक प्राणी आमच्या पाण्यात आहे. तो म्हणजे मरळ.

मरळ माहीत नाही असा वाचक घाटावर नसेल. सापासारखं डोकं, अंगावर पट्टे, आणि चेहऱ्यावर वसुली अधिकाऱ्याचा भाव. तिला पाण्यातली हवा पुरत नाही. मधूनमधून वर येऊन घोट घ्यावा लागतो. बाजारातही ती घमेल्यात तासन् तास जिवंत राहते आणि रोहूपेक्षा चढ्या भावाने जाते. आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा द्यावा असं जुनी माणसं सांगतात. आमच्यातले काहीजण त्यासाठी आजारीही पडतात.

या जिगा घेऊन मी खडकपूर्णेवर सगळे ऋतू काढले. उन्हाळ्यात पाणी काठ सोडून आत पळतं. मागे राहिलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात, जुन्या बांधांच्या रेषा वर येतात, आणि वर्तमानपत्रात 'मृतसाठा' हा शब्द छापून यायला लागतो. त्या दिवसांत उजाडायच्या आत काठावर असावं लागतं. सूर्य हातभर वर आला की मासा आणि माणूस दोघेही सावली शोधतात, माशाला मिळते. थंडीत पाणी नितळ होतं, पाहुणे पक्षी येतात, आणि मासा तळाशी सुस्त होतो. त्याचं रक्त पाण्याबरोबर गार होतं, त्यामुळे भूकही गार. तेव्हा जिग अशी हळू हलवावी लागते, की शेजारी बसलेल्याला वाटावं याला झोप लागली. मला बऱ्याचदा लागलेली असते. वर्षभरात माझ्या जिगांपैकी निम्म्या बुडालेल्या बाभळींनी घेतल्या. एकेक जिग म्हणजे अर्धा किलो रोहूची किंमत. खडकपूर्णेच्या तळाशी माझी जी गुंतवणूक आहे ती प्रॉव्हिडंट फंडाच्या खालोखाल असेल.

आणि मग पावसाळा. हा लेख त्यासाठीच लिहायला बसलो; आतापर्यंतचं सगळं म्हणजे अर्जावरचा 'विनंती विशेष' होता.

पावसाळ्यात नवं पाणी काठच्या गवतात शिरतं आणि मरळीची वीण सुरू होते. गवतात जागा साफ करून अंडी सोडतात. ती पिवळसर, तरंगणारी. पिल्लं निघाली की त्यांचा लाल-केशरी गोळा होतो. शेकड्यांनी, कधी हजारांनी. ताटाएवढा लाल ढग पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुडत फिरत असतो, आणि त्याच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, आई-बाप. दोघेही राखण करतात, आणि त्यात बापाचा वाटा मोठा असं पुस्तकं म्हणतात. पिल्लं आपलं आपण बघायला लागेपर्यंत, काही आठवडे, ते त्यांना सोडत नाहीत. जवळ बेडूक येवो, साप येवो, पाणकावळा येवो, की सौ.चं कानातलं येवो, त्याच्यावर तुटून पडतात.

आता चतुर वाचकांच्या लक्षात आलं असेल. गळवाल्यांना हे कधीच लक्षात आलेलं आहे. एरवी मरळ धरायला चार शनिवार लागतात. पावसाळ्यात चार मिनिटं लागतात. लाल गोळा शोधायचा, त्यात जिग टाकायची, दोनदा टुणटुण करायची. तिसऱ्यांदा करावी लागत नाही.

मीही टाकली. श्रावण होता, दुसरा शनिवार होता. काठी अशी वाकली की ती हातातून जाते की काय असं वाटलं. दीड-दोन किलोची मरळ. मी तिला दोन्ही हातांनी धरून फोटो काढला, तो आमच्या गळवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि पहिला अंगठा येतो का ते बघत उभा राहिलो. तेवढ्यात सोसायटीचे एक म्हातारे बाबा थर्माकोलच्या तराफ्यावरून हात मारत काठाला आले. माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याकडे बघत राहिले. म्हणून मीही बघितलं.

लाल गोळा फुटला होता. पिल्लं पसरली होती, आणि खालून पाणी उकळल्यासारखं हलत होतं. चिलापी वर येऊन एकेक घास घेत होत्या. दोन बगळे येऊन उभे राहिले. बँकेत दुपारच्या सुटीनंतर खिडकी उघडली की जशी गर्दी होते तशी. मी पाचेक मिनिटं बघत असेन. ताटाएवढा गोळा बशीएवढा झाला, मग वाटीएवढा.

''सायेब,'' बाबा म्हणाले, ''तिले भूक नव्हती.''

''मग धरलं कसं?''

''राग आला व्हता तिले.'' त्यांनी तराफ्यावरची ओली दोरी पिळली. ''आमी बी धरतो. पोटासाठी जाळं टाकतो. पण लाल पिलावर टाकत नाही. म्हाया बापानं सांगतलं व्हतं, लेकरं सांभाळनाऱ्याले हात लावू नोको. तुमी तर शिकेल मानसं.''

'शिकेल मानसं' हे शब्द आमच्या भागात दोन प्रकारे उच्चारता येतात. त्यांनी दुसऱ्या प्रकारे उच्चारले.

मी मरळ पाण्यात सोडली. ती गेली, पण गोळ्याकडे गेली नाही; आणि गेली असती तरी तिथे काय शिल्लक होतं? घरी आलो. सौ.ने विचारलं, ''श्रावणात कशाला गेलात? खायची तर नाहीच.'' तिचं म्हणणं साधं होतं, पण रात्रभर ते माझ्या पोटात राहिलं. आमच्या ग्रुपवरचे निम्मे लोक श्रावण कडक पाळतात. कांदासुद्धा खात नाहीत. आणि त्याच महिन्यात मरळीचे सर्वांत जास्त फोटो येतात! म्हणजे पुण्य तोंडाचं आणि पाप हाताचं. अशी दोन खाती आम्ही बँकेतसुद्धा कुणाला उघडू देत नाही.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, की जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाल पिल्लांवर कुणी गळ टाकू नये आणि तसले फोटो कुणी टाकू नयेत. अर्ध्या तासात मला जेवढी उत्तरं आली तेवढी माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला येत नाहीत. ती इथे देतो, आणि माझं म्हणणंही देतो, कारण ग्रुपवर मला ते पुरं करू दिलं नाही.

पहिलं उत्तर: ''आम्ही खात नाही, धरतो आणि सोडून देतो.'' हे सभ्य माणसांचं उत्तर आहे, म्हणून जास्त धोक्याचं आहे. बँकेच्या दारातला बंदूकवाला रखवालदार तुम्ही चहाला घेऊन गेलात, दहा मिनिटांनी परत आणून उभा केलात, आणि म्हणालात, ''बघा, आम्ही त्याला इजा केली नाही.'' बरोबर आहे. रखवालदार धडधाकट आहे. तिजोरी कुठे आहे? मी ती पाच मिनिटं डोळ्यांनी बघितली आहेत. फोटोला, वजनाला, मोजपट्टीला आणि 'अरे माझाही एक काढ'ला त्याहून जास्त वेळ लागतो. अमेरिकेतला तो बाससुद्धा असाच बाप आहे; नर घरट्याची राखण करतो. म्हणून तिकडे अमेरिका-कॅनडात काही ठिकाणी विणीच्या दिवसांत बास धरायला बंदी असते. आपण त्यांची डबी आणली, डबीबरोबरचा नियम मात्र विमानतळावर विसरलो.

दुसरं उत्तर: ''सोसायटीवाले बारीक जाळी टाकून पोतीच्या पोती काढतात, त्यांना कोण बोलतं?'' बारीक जाळं वाईटच. ते टाकणाऱ्यालाही मी बोलेन. मला बाबांनी बोललेलं चाललं तर त्यांना मी बोललेलं चालेल. पण एक फरक आहे. त्याच्या घरी संध्याकाळी चूल त्या जाळ्यावर पेटते. माझी चूल महिन्याच्या अखेरीला खात्यात जमा होते, मासा लागो न लागो. ज्याचं पोट त्यावर नाही त्याने, ज्याचं आहे त्याच्याकडे बोट दाखवून स्वतःला सूट मागावी, हा कर्जमाफीचा नवा प्रकार झाला.

तिसरं उत्तर एका प्राध्यापकांचं होतं: ''निसर्गात हजारातली दोन-चारच जगतात, मग तुमच्या-आमच्याने काय फरक पडतो?'' मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, निसर्गातलं कळत नाही. पण हिशेब कळतो. हजारात चार जगतात ती आई-बाप राखण करतात तेव्हा. राखण काढली की चाराचं शून्य होतं. हजारातून चार आणि हजारातून शून्य यांत फरक फक्त चारचा दिसतो, पण पुढच्या साली त्या पाण्यात तेवढ्याच चार मरळी असणार होत्या. याला आमच्याकडे मुद्दल म्हणतात. व्याज खा, कुणी अडवत नाही. मुद्दलाला हात लावला की खातं बंद.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. धरणातले रोहू, कटला, मृगळ हे साठलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना वाहता पूर लागतो. म्हणून त्यांचं मत्स्यबीज तयार करून, बोटुकली वाढवून, बाहेरून आणून सोडतात. हे जमलं ते डॉ. हिरालाल चौधुरींमुळे. १० जुलै १९५७ रोजी त्यांनी ओडिशात या कार्प माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण करून दाखवली. तो दिवस अजूनही मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो. म्हणजे रोहू-कटला हे दरवर्षी नव्याने भरलेले पैसे. कमी पडले तर आणखी भरता येतात. खडकपूर्णेच्या गवतातली मरळ मात्र आपली आपण वाढते. कुणी बोटुकली सोडलेली नसतात, कुणी अनुदान दिलेलं नसतं. अख्ख्या धरणात स्वतःच्या हिमतीवर उभं असलेलं ते एक खातं, आणि ते आम्ही नेमकं जुलैमध्ये, डॉ. चौधुरींच्या स्मरणार्थ असल्यासारखं, रिकामं करतो.

चौथं उत्तर सगळ्यात छोटं होतं: ''अहो, खेळ आहे! एवढं काय?''

याच उत्तरावर माझं खरं भांडण आहे. खेळ म्हणजे काय? मासा भुकेलेला, मी धीराचा. त्याला चकवायचं ते त्याच्या भुकेवर. थंडीत तासभर जिग हलवून एक मासा लागला तर तो खेळ. त्यात तो मला हरवू शकतो, आणि माझं पासबुक बघितलं तर बहुतेक वेळा हरवतोच. पण जो लेकरांसमोर उभा आहे तो हरवायला आलेलाच नाही. त्याला पळताच येत नाही. त्याच्या पळण्याच्या सगळ्या वाटा त्यानेच बंद केलेल्या आहेत. त्याला डिवचून धरण्यात कौशल्य ते कसलं?

मला आमच्या काउंटरवरचा एक दिवस आठवतो. शाखा कोणती ते सांगत नाही. एक शेतकरी आला होता, मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे अडकले होते म्हणून. फी भरायची मुदत संध्याकाळपर्यंत. आवाज चढला त्याचा. आम्ही दोघा-तिघांनी आत बसून त्याला आणखी चढवलं. ''फॉर्म नीट भरा की'', ''उद्या या'', ''मुलीलाच पाठवा''. एकेक टुणटुण. तो तुटून पडला, मग रखवालदाराने त्याला दंड धरून बाहेर नेलं, आणि आम्ही हसलो. मीही हसलो. पैसे दुसऱ्या दिवशी जमा झाले. मुदत आदल्या दिवशी संपली होती. त्यालाही भूक नव्हती, वाचकहो. राग आला होता. हे मला कळायला एका मरळीला पाण्याबाहेर यावं लागलं, ही माझ्या बी.कॉम.ची किंमत.

ग्रुपवरून मला काढलं. काढणारा माझा जुना मित्र. आम्ही दोघांनी एकाच स्कूटरवर, एकाच छत्रीखाली हे पाणी पालथं घातलं होतं. आता तो भाजीबाजारात समोरून आला की वांगी बघतो. मला वाईट वाटतं. छत्रीही त्याच्याचकडे आहे.

पण म्हणणं मागे घेत नाही. माझी मागणी फार नाही. कायदा मागत नाही, पाटी मागत नाही, उद्घाटन तर नाहीच नाही. मृग लागल्यापासून भाद्रपद सरेपर्यंत लाल गोळा दिसला की काठी खाली ठेवायची. फोटो काढायचाच असेल तर गोळ्याचा काढा. त्याला काठीही लागत नाही. एवढं त्या तराफ्यावरच्या बाबांच्या बापाला कळलं होतं, आणि त्यांनी तिकडची डबी पाहिलेली नव्हती.

गेल्या श्रावणात मी चौथ्या शनिवारी काठी न घेता गेलो. गवताच्या कडेला एक लाल गोळा फिरत होता. अर्ध्या तासाने त्याच्या शेजारी पाणी हललं, ते वसुली अधिकाऱ्याचं तोंड वर आलं, हवेचा एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली गेलं. ओळख दाखवली नाही. ते योग्यच होतं.

घरी आलो तर सौ. दारातच. ''किती मिळाले?''

''असतील हजार-बाराशे.''

तिने माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं.

''ठेवून आलो,'' मी म्हणालो. ''मुदत ठेव.''

''मग वरण लावते,'' ती म्हणाली.